हवा लागू नये म्हणून

प्रेमिलानं उदबत्ती खिडकीच्या चौकटीजवळ धरली आणि श्वास रोखला. धुराची रेघ वीतभर सरळ वर गेली, मग बाहेरून कुणी फुंकर मारावी तशी खोलीत वाकली. त्या जागी तिनं खडूनं फुली मारली. उदबत्ती जरा वर सरकवली. धूर पुन्हा वाकला. पुन्हा फुली.

"बुद्धवंदनेच्या उदबत्त्या आहेत त्या," सिंधूताई दारातून म्हणाल्या. "सगळ्या जाळशीन तर संध्याकाळी काय लावू मी?"

"थांब न आई. पाहून राहिली न मी."

"काय पाहून राहिली? हवा येते हे तर मलेही दिसते."

"कुठून येते ते."

प्रेमिलाचे वडील देवराव पहिली पाळी करून नुकतेच गिरणीतून आले होते. केसांत कापसाचे तंतू तसेच होते. ते खिडकीपाशी येऊन उभे राहिले. सागाची जुनी चौकट खडूच्या फुल्यांनी भरून गेली होती. नागपूरच्या उन्हाळ्यानं लाकूड आटवलं होतं, पावसाळ्यानं फुगवलं होतं, आणि असं इतकी वर्षं चालल्यावर दोन फळ्यांच्या मधून आता अंगणातल्या नळाची तोटी दिसत होती. देवरावांनी एका फटीवर तळहात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग हात खाली घेऊन धोतराला पुसला.

"इतकी हवा," ते म्हणाले. "अन् आपण दार लावून बसलो होतो."

त्यांच्या मागे बाजेवर जया बसली होती. सातवा महिना सरत आला होता. दोन्ही हात पोटावर होते आणि नजर त्या फुल्यांवर.

"सगळं बंद होईन न वं?" तिनं धाकट्या बहिणीला विचारलं.

"होईन, ताई."

"सगळं म्हणजे सगळं?"

प्रेमिलानं उदबत्ती विझवली. "धूर सरळ वर जाईन. तुले दाखवीन मी."

गेल्या हिवाळ्यात जया पहिल्या बाळंतपणाला याच खोलीत होती. मुलगा झाला होता. त्याचं नाव ठेवायच्या आधीच एका सकाळी तो उठला नाही. 'हवा लागली,' असं शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, दवाखान्यातल्या आयाही म्हणाल्या, आणि अंत्ययात्रेला आलेल्या प्रत्येकानं या खिडकीकडे पाहून मान हलवली. जयाच्या सासूबाईंनी मात्र खिडकीकडे पाहिलं नव्हतं. "आई झोपून राहिली अन् लेकरू गेलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि मोटारीत बसून गावी निघून गेल्या. जयानं त्यावर कधी काही म्हटलं नाही. कारण ती खरंच झोपली होती. इतकी गाढ की सिंधूताईंना तिला गदागदा हलवून जागं करावं लागलं होतं.

या खेपेस जावयांनी तिला सातव्या महिन्यातच आणून सोडलं आणि सासऱ्यांकडे एकदाच पाहिलं. दुसऱ्याच दिवशी देवरावांनी खिडकी बदलायचं काढलं. कशी बदलायची ते ठरवायचं काम प्रेमिलाचं होतं. ती बी.एस्सी. झालेली होती, कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती, आणि घरातला फ्यूज गेला तरी सगळे तिच्याकडेच बघत.

शालिकरामचं वेल्डिंगचं दुकान पाचपावलीच्या रस्त्यावर होतं. तो दुकानाच्या फरशीवर खडूनं खिडकी काढायचा, गिऱ्हाईक तिच्याभोवती फिरून बघायचं, आणि मग बोलणं व्हायचं.

"लाकडाची करा न, ताई," तो म्हणाला. "माझा भाऊ सुतार आहे. असा रंधा मारून देईन की नव्या नवरीवाणी दिसन खिडकी."

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात नवरी म्हातारी होते. त्याले कोण काय करन?"

"लोखंडी पाहिजे. काचेची."

"लोखंड तापते, बरं."

"तापू दे. आटत तर नाही." प्रेमिलानं हे आदल्या रात्री हिशेब करून पाहिलं होतं. थंडीपासून मेच्या उन्हापर्यंत एवढी चौकट वाढून वाढून केसभर वाढणार होती. तिनं पिशवीतून काळ्या रबराची एक लांब पट्टी काढली. "अन् झडपेच्या चारी बाजूंनी ही लावायची. बंद केली की दबली पाहिजे."

शालिकरामनं पट्टी हातात घेऊन वाकवली, वास घेतला. "ही तर मोटारीच्या दाराची आहे."

"हो. मोटारीत पाणी शिरत नाही न?"

"ताई, खिडकी करून राहिले का ॲम्बॅसिडर?" तो दुकानातल्या माणसांकडे पाहून हसला. पण पट्टी त्यानं परत दिली नाही. चिमटीत दाबून पाहत राहिला. कल्पना त्याला आवडली होती. "बरं. अन् वरतं झरोका सोडतो हातभर. नेहमी सोडतो. जाळी मारून देतो त्याले."

जुन्या खिडकीवर तसा झरोका होता. त्यातून धूळ यायची, रस्त्यावरून ट्रक गेला की डिझेलचा वास यायचा आणि मार्च लागला की चिमण्या काड्या टाकायच्या. उदबत्तीचा धूर सगळ्यांत जास्त तिथंच वाकला होता.

"झरोका नको," प्रेमिला म्हणाली.

"उजेड येते न."

"काचेतून येईन उजेड. तिथून हवाच येते नुसती."

शालिकरामनं पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा वरचा चौकोन पुसून टाकला. "तुमचं घर, तुमची मर्जी."

सिमेंटला तेव्हा परमिट लागायचं. देवरावांनी गिरणीतल्या कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेलं थोडं सायकलवर बांधून आणलं आणि ओल लागू नये म्हणून आपल्या खाटेखाली ठेवलं. चौकट बसवायच्या दिवशी शालिकराम आणि त्याच्या मिस्त्रीनं जुनी खिडकी पहारीनं उचकटली. ती निघताना तिच्याबरोबर भिंतीचा एक लपका आला, आणि दुपारभर त्या भिंतीत एक मोठं भगदाड राहिलं. जयाला पुढच्या खोलीत बसवलं होतं. ती दोनदा उठून दारापर्यंत आली आणि त्या भगदाडाकडे बघून परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा देवरावांनी भगदाडावर सतरंजी टांगली.

सिमेंट मुरलं, काचा बसल्या, पुट्टी वाळली, रंग झाला. प्रेमिलानं कॉलेजातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी उदबत्ती पेटवली. झडपा ओढून दांडी फिरवली. रबर दबल्याचा बारीक आवाज झाला, आणि त्याबरोबर रस्ता, नळावरच्या बायका, दूरच्या गिरणीची घरघर, सगळं एकदम थांबलं. तिनं उदबत्ती चौकटीभोवती फिरवली. खाली, बाजूंना, कोपऱ्यांत, वर. धूर ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ उभा राहिला.

"ताई, पाय न इकडं."

जयानं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या खांद्यांचा ताठरपणा गेला.

देवराव बाहेर अंगणात गेले आणि काचेसमोर उभे राहून काहीतरी बोलले. त्यांचे ओठ हलताना दिसले. आत काहीच आलं नाही. ते पुन्हा बोलले, या वेळी तोंड मोठं उघडून, गळ्याच्या शिरा ताणून. खोलीत तशीच शांतता होती.

"काय म्हटलं, बाबा?" ते आत आल्यावर प्रेमिलानं विचारलं.

"आग लागली म्हटलं," देवराव म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

"झाली मजबूत," हत्यारं पिशवीत भरता भरता शालिकराम म्हणाला. "आता मरणाले पण दार वाजवून या लागन."

"शुभ बोल गा जरा," सिंधूताई म्हणाल्या. पण त्यांनी त्याला चहा दुसऱ्यांदा दिला.

मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून घरी आणताना देवरावांनी सायकल रिक्षाला चारी बाजूंनी चादर गुंडाळली होती. घरात शिरल्यावर ते थेट मागच्या खोलीत गेले, झडप ओढून पाहिली, दांडी फिरवून पाहिली, आणि मगच बाळाला आत नेऊ दिलं.

थंडी त्या वर्षी लवकर पडली. सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. कांताबाई पहाट उलटल्यावर येत, जयाला तेल चोळत, कढत पाण्यानं न्हाऊ घालत, बाळाला पायांवर घेऊन त्याचं नाक ओढत. तोवर सिंधूताई अंगणात शेगडी पेटवून ठेवत. त्यांचा नियम पक्का होता. कोळशातून धूर निघतोय तोवर शेगडी आत न्यायची नाही. निखारे लाल झाले, धुराचा शेवटचा धागा गेला, की मगच ती जयाच्या बाजेखाली सरकवायची. वर ओवा आणि लसणाची सालं टाकायची. मग दार ओढून घ्यायचं, दारावर गोधडी टांगायची, आणि आई-लेकरांना घाम फुटेपर्यंत शेकू द्यायचं.

"धुरानं लेकराचे डोळे जातात," त्या प्रेमिलाला सांगत. "म्हणून धूर जाऊ द्या लागते."

प्रेमिलानं मान डोलावली होती. हे बरोबरच होतं. निखाऱ्यांच्या कडेनं अधूनमधून एक निळी, बारीक ज्योत लपलप करायची. ती तिला सुंदर वाटायची. सकाळी कॉलेजला निघताना ती अंगणातून खिडकीकडे पाही. काचेला आतून दव धरलेलं असे, पाण्याचे ओघळ लोखंडी चौकटीवरून खाली येत. आतली वाफ बाहेर जात नाही, म्हणजे बाहेरचं आत येत नाही. तिला बरं वाटे.

"खोली नाही, डबा आहे डबा," कांताबाई बाहेर येऊन कपाळाचा घाम पुसत म्हणत. "माझं तर डोकं भणभणते बाप्पा तुमच्या या खोलीत. पण पोट्टी पाय कशी झाली! मायबाप दोन्ही सावळे, अन् ही पाय, सफरचंदावाणी."

"नजर नको लावू वं," सिंधूताई म्हणत, पण त्यांचा चेहरा फुले. बाळाचे गाल खरंच लाल होते. शेकानंतर तर ओठही लाल होत, आणि ते दुपारपर्यंत झोपे, दुधालाही उठत नसे. गुणी आहे, असं सगळे म्हणत.

जया मात्र झोपायची नाही. म्हणजे झोपू नये म्हणून धडपडायची. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून डोळ्यांना पाणी लावायची. एकदा प्रेमिला आत गेली तेव्हा जयानं बाळाच्या पायाला सुती दोरा बांधला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या अंगठ्याला.

"हे काय, ताई?"

"ती हलली की मले समजते."

"अन् तू झोपत केव्हा?"

"झोपते न. तेच तर." जयानं कपाळ दाबलं. "इतकं ठरवलं तरी झोपते मी. सकाळी शेकाले पडली की असे डोळे मिटतात, जसं कोणी वरून हात ठेवून राहिलं. उठली की डोकं फुटून जाते. पमे, माझ्यातच काही खराबी आहे का वं? दुसऱ्या बाया तर लेकरू कुसकुसलं तरी उठतात."

"बाळंतपणाचा थकवा असते, ताई."

"तेव्हाही असाच होता का थकवा?"

प्रेमिला खाली वाकली. तिनं बाळाच्या पायाची गाठ घट्ट तर नाही ना, एवढं बोट घालून पाहिलं. त्या रविवारी ती स्वतःच त्या खोलीत पेपर तपासत बसली होती आणि तिचंही डोकं दुखलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ती अंगणात येऊन बसली, आणि थोड्या वेळानं दुखायचं थांबलं. नंबर पुन्हा तपासून घ्यायचं तिनं ठरवलं.

नाताळच्या सुट्टीत आभाळ आलं. ऊन पडलंच नाही, वारा वाहत राहिला, आणि सिंधूताईंनी शेगडीत नेहमीपेक्षा जास्त कोळसे भरले. देवराव पाळीवर गेले होते. कांताबाईंनी दोघींना न्हाऊ घातलं, शेगडी आत गेली, दार लागलं, गोधडी टांगली गेली. सिंधूताई आणि कांताबाई स्वयंपाकघरात डिंकाच्या लाडवाचं करायला बसल्या. प्रेमिला अंगणात दोरीवर बाळाची दुपटी वाळत घालत होती.

शेवटचं दुपटं झटकताना तिची नजर काचेवर गेली. आज दव जरा कमी होतं. बाजेवर जया कुशीवर पडली होती, तिचा एक हात बाजेखाली लोंबत होता. शेजारी बाळ. टोपड्यातून त्याचा चेहरा दिसत होता, लाललाल, आणि तोंडातून दुधाची एक धार गालावरून दुपट्यावर उतरली होती. बाळाला उलटी झाली होती, आणि जया उठली नव्हती.

प्रेमिलानं काचेवर टकटक केली. मग मुठीनं वाजवलं. काच आणि रबर, तिनं निवडलेलं सगळं, आपलं काम चोख करत होतं. जयानं पापणीही हलवली नाही. आत बाजेखाली निखाऱ्यांच्या कडेनं निळी ज्योत लपलपली.

तेव्हा तिला कळलं. कोळशाला जळायला हवा कमी पडली की एक वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर नाही. तो निळ्या ज्योतीनं जळतो, आणि जो जळायचा राहतो तो श्वासातून रक्तात जातो. मग रक्त जास्तच लाल दिसतं. हे ती दर वर्षी फळ्यापाशी उभी राहून मुलांना सांगत असे. मुलं ते लिहून घेत.

तिनं गोधडी ओढून काढली, दार लोटलं. आतली ऊब अंगावर आली. तिनं श्वास धरून ठेवला, आधी बाळाला उचललं, आणि बाळाबरोबर जयाचा हातही वर आला. दोरा. जयाचा अंगठा त्या दोऱ्याला लटकून हवेत आला आणि जया तरीही उठली नाही. प्रेमिलानं दातांनी दोरा तोडला.

"आई! ताईले बाहेर काढ! कांताबाई, या लवकर!"

बाळ तिच्या हातावर ओल्या कपड्यासारखं लोंबत होतं. तिनं अंगणाच्या मधोमध, वाऱ्यात, त्याचं टोपडं काढलं, दुपटं सोडलं.

"पागल झाली का वं!" सिंधूताई धावत आल्या. हाताला गूळ लागलेला. "हवा लागन तिले! आण इकडं! आत ने!"

"आत नाही नेत."

"प्रेमिला, दे म्हणते न मी!"

त्यांनी बाळाचा पाय धरला. प्रेमिलानं आईचा हात झिडकारला, जोरात. आयुष्यात पहिल्यांदा. सिंधूताईंचा तोल गेला आणि त्या धुण्याच्या दगडाला धरून उभ्या राहिल्या.

"कांताबाई, ताईले ओढून आणा इथं. अन् खिडकी उघडा. शेगडी बाहेर फेका. मंग बोला मले काय बोलायचं ते."

कांताबाईंनी एकदा सिंधूताईंकडे पाहिलं, एकदा प्रेमिलाकडे, आणि आत गेल्या. बाळ हलत नव्हतं. छाती वरखाली होत होती, पण इतकी थोडी की प्रेमिलानं आपला गाल त्याच्या नाकाशी नेऊन पाहिला. तिनं त्याच्या तळपायांवर टिचक्या मारल्या. वारा सुटला होता, दोरीवरची दुपटी फडफडत होती. तिनं पुन्हा टिचकी मारली. बाळानं चेहरा आक्रसला. तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसताच श्वास, मग एक चिरका आवाज, मग रडू. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं रडू.

कांताबाईंनी जयाला खांद्याला धरून आणलं आणि भिंतीशी टेकवून बसवलं. तिला कोरड्या उलट्या झाल्या. बराच वेळ तिची मान स्थिर राहत नव्हती. मग तिनं डोळे उघडले आणि अंगण, आभाळ, बहिणीच्या हातातलं उघडं बाळ असं सगळं क्रमानं पाहिलं.

"मी झोपली होती का?" ती म्हणाली. "पुन्हा झोपली का मी?"

"रिक्षा आणा कोणीतरी," प्रेमिला म्हणाली. "दोघींले दवाखान्यात न्या लागते."

कांताबाई पदर खोचून कोपऱ्यावर पळाल्या. अंगणात तिघी राहिल्या आणि बाळ. खिडकी उघडी होती. दगडाजवळ उलटलेल्या शेगडीतले निखारे ओल्या जमिनीवर चुरचुरत विझत होते. सिंधूताई शेवटी खाली बसल्या. गुळानं चिकट झालेली बोटं त्यांनी लुगड्याला पुसली, मग पुन्हा पुसली. त्यांचा राग गेला नव्हता, पण बाळाच्या रडण्यानं त्याला जागा उरली नव्हती.

"काय झालतं तिले?" त्यांनी विचारलं. "इतकी तर लाल दिसून राहिली. बिमार लेकरू असं दिसते का कुठं?"

प्रेमिला बाळाला दुपट्यात घेत होती. "कोळशाची हवा, आई. धूर नसला तरी असते ती. खोली बंद असली की साचते. मी झरोका बुजवला, म्हणून झालं. माझी चूक आहे."

सिंधूताईंनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं.

"बंद खोलीनं काय होते? बंद नसली की होते. मागच्या खेपेले मी काय कमी केलं होतं? त्या रात्री लय वारा होता. सगळ्या चिंध्या काढल्या पेटीतल्या अन् एकेक फट बुजवली, सुरीच्या टोकानं. झरोक्यात तर गादीच कोंबली लहान. शेगडी रातभर ठेवली. तरी लागलीच न हवा लेकराले, कुठून तरी." त्या उघड्या खिडकीकडे पाहत होत्या, नव्या, लोखंडी, हिरव्या रंगाच्या. "तोही असाच लाल होता. गेल्यावरही. कांता म्हणे, झोपल्यावाणी दिसते. गाल पाहून कोणाले खरंच नाही वाटलं."

वाऱ्यानं एक दुपटं दोरीवरून सुटलं आणि अंगणात पडलं. कुणी उचललं नाही.

प्रेमिलानं आईकडे पाहिलं. मग जयाकडे. जया भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. तिनं आईचं बोलणं ऐकलं होतं की नाही ते कळत नव्हतं. तिच्या अंगठ्याला तुटलेल्या दोऱ्याचा वेढा होता आणि ती दुसऱ्या हातानं तो फिरवत होती.

"मले सांग, पमे," जया डोळे न उघडता म्हणाली. "सासूबाई बरोबर म्हणत होत्या न? मी झोपते. माझं लेकरू मरून राहिलं असते अन् मी झोपते. तेव्हा झोपली, आजही झोपली. तू आज सुटीवर नसती तर..."

"ताई."

"अशी कशी झोप आहे ही?"

कोपऱ्यावरून रिक्षाची घंटी ऐकू आली, आणि कांताबाई कुणाला तरी 'लवकर गा, लवकर' म्हणत असल्याचा आवाज. आता थोडाच वेळ होता. प्रेमिलाला वाटलं, दवाखान्यातून आल्यावर बोलता येईल. किंवा पुढच्या वर्षी. किंवा कधीच नाही, आणि मग जया आयुष्यभर पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून झोपेल. एकीच्या पाठीवरचं ओझं उतरवायचं तर ते ठेवायला या अंगणात दुसरी एकच पाठ होती, आईची.

"तू झोपली नव्हती, ताई," ती म्हणाली.

जयानं डोळे उघडले.

"आजही नाही. तेव्हाही नाही. ती झोप नव्हती. तू कितीही ठरवलं असतं, तरी त्या वेळी आपल्या आपण उठली नसती. कोणीच नसतं उठलं."

जया तिच्याकडे बघत राहिली. मग ती रडायला लागली. तोंड झाकून नाही, बाळासारखी, तोंड उघडं टाकून.

सिंधूताईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हिशेब चुकल्यावर येते तशी, आणि ती हळूहळू खोल होत गेली.

"ती झोप नव्हती?" त्या म्हणाल्या. "मंग तेव्हा काय झालतं?"

रिक्षा फाटकाशी थांबली. रिक्षावाल्यानं ब्रेक लावून खाली उतरत आत डोकावलं आणि बायकांकडे पाहून तिथंच उभा राहिला.

प्रेमिलानं बाळ जयाच्या मांडीवर दिलं, दुपट्याची कडा नीट खोवली. मग ती उठली, आणि आईच्या शेजारी जमिनीवर, तिला अगदी खेटून बसली.